शहरातील खासगी विद्यापीठ आणि जिवतीचा विद्यार्थी

(जिवती येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

बारावीचा निकाल लागला की जिवतीच्या डोंगरावरील कितीतरी घरांतून एक प्रश्न कार्यकर्त्याच्या दारी येतो. मुलाने किंवा मुलीने नागपूरच्या, पुण्याच्या कुठल्याशा खासगी विद्यापीठात अर्ज भरलेला असतो. बाप विचारतो, 'ते चांगले आहे काय?' विचारणारा बहुधा कापूस-सोयाबीनचा शेतकरी असतो. त्याने ते विद्यापीठ पाहिलेले नसते. पाहिलेली असते ती त्याची रंगीत पुस्तिका. कार्यकर्ता दोनपैकी एक उत्तर देतो. 'मोठे नाव आहे, पाठवा,' हे पहिले. 'खासगी म्हणजे लूट, पाठवू नका,' हे दुसरे. दोन्ही उत्तरे देणाऱ्याला फुकट पडतात आणि ऐकणाऱ्याला महाग. पहिल्यात घरावर कर्ज चढण्याचा संभव असतो, दुसऱ्यात मुलीचे शिक्षण तेथेच थांबण्याचा. म्हणून या प्रश्नाचा जरा मुळापासून विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम 'खासगी' या शब्दाचा. समाजवादी व्यासपीठावर हा शब्द शिवीसारखा वापरण्याची सवय जडलेली आहे. परंतु महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास या सवयीला साथ देत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले ते सरकारने काढलेले नव्हते. इतकेच नव्हे, सरकार त्याच्या पदव्या मानतही नव्हते. मातृभाषेतून शिकवणारे, नोकरीच्या बाजारात न चालणारी पदवी देणारे हे विद्यापीठ वर्गण्यांवर उभे राहिले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली तेव्हा त्याला स्थैर्य आले. कायद्याची मान्यता मिळायला स्वातंत्र्य यावे लागले. आज त्याच विद्यापीठाचे एक संकुल आपल्याच जिल्ह्यात, बल्लारपूरला आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याची शपथ घेत. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची. या सर्व संस्था खासगीच होत्या. त्यांचे मालक कोणी नव्हते, विश्वस्त होते. खासगी पुढाकार ही एक गोष्ट आहे आणि खासगी मिळकत ही निराळी. भेद या दोहोंत करावयाचा आहे.

हा भेद पुसला जाऊ लागला १९८३ पासून. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दरवाजे उघडले. महाराष्ट्राची मुले देणगी भरून कर्नाटकात जातात, तो पैसा राज्यातच का राहू नये, असा तो युक्तिवाद होता. युक्तिवाद खोटा नव्हता. त्याचे पुढे काय होईल याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, देणगीबंदीचा कायदा करावा लागला यावरून काय झाले ते कळते. पुढे यातील काही संस्था अभिमत विद्यापीठे झाल्या. 'अभिमत' म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील तिसऱ्या कलमाखाली, केंद्राच्या अधिसूचनेने विद्यापीठ मानलेली संस्था. 'खासगी विद्यापीठ' त्याहून वेगळे. ते राज्याच्या कायद्याने जन्मते. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात अशा विद्यापीठांची रांग लागली. बापाला हा फरक कोणी सांगत नाही. पण शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी गेल्यावर तो आपोआप कळतो. त्याविषयी पुढे.

कायद्याने जन्मले म्हणजे विद्यापीठ झाले असेही नाही. गडचिरोलीच्या शेजारच्या छत्तीसगडने २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि अल्पावधीत ११२ विद्यापीठे निर्माण झाली. नव्या राज्यात एवढी विद्वत्ता कुठून आली असा प्रश्न पडला तो प्रा. यशपाल यांना. ते वैज्ञानिक, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्यांच्यापाशी इमारत नाही, ग्रंथालय नाही, शिक्षक नाहीत अशी ती विद्यापीठे होती. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने ती विद्यापीठे निर्माण करणारी कलमेच रद्द केली. प्रवेश घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी न्यायालयाला वेगळी व्यवस्था सांगावी लागली. हे प्रकरण कार्यकर्त्यांनी विसरू नये.

आता कीर्तीकडे वळू. अर्थशास्त्रात वस्तूंचे एक उपयुक्त वर्गीकरण आहे. काही वस्तू घेण्यापूर्वीच पारखता येतात. भाजी ही तशी वस्तू. काही वापरल्यावर कळतात. आणि काही अशा असतात की वापरून झाल्यावरही वर्षानुवर्षे त्यांची किंमत कळत नाही. पदवी ही तिसऱ्या जातीची. ती परत करता येत नाही, दुसऱ्यांदा घेता येत नाही, आणि घेणारा अठरा वर्षांचा असतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो. अशा बाजारात ग्राहक नावाला धरून चालतो, कारण दुसरे काही धरण्यासारखे त्याच्या हाती नसते. आणि नाव जाहिरातीनेही कमावता येते. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी याची दुसरी बाजू मांडली. पदवी हा पुष्कळदा ज्ञानाचा पुरावा नसून मालकाला दिलेला इशारा असतो. विद्यापीठाने हुशार, इंग्रजी बोलणारी, सुस्थित घरची मुले निवडून घेतली तर तीन वर्षांनी ती मुले चांगल्या नोकरीला लागतातच. मग श्रेय कोणाचे, विद्यापीठाचे की निवडीचे? हा प्रश्न मानांकनाच्या तक्त्यात कुठेच विचारलेला नसतो.

मानांकनाचे म्हणाल तर केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून निघते. तीत अध्यापन-साधनांना ३० गुण, संशोधनाला ३०, पदवी-निष्पत्तीला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकमताला १०. आकडे बहुतांशी संस्था स्वतःच पुरवतात. नॅक ही मूल्यांकन परिषद १९९४ ची. तिचे पथक येण्याआधी भिंतींना रंग लागतो हे प्रत्येक महाविद्यालयातला शिपाईदेखील सांगेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर नॅकच्या तपासणी पथकातील सदस्यांना आंध्रातील एका अभिमत विद्यापीठाकडून लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. यावरून सर्वच श्रेण्या विकत घेतलेल्या असतात असा निष्कर्ष काढणे हा आळस होईल. निष्कर्ष इतकाच की श्रेणी हा चौकशीचा आरंभ मानावा, शेवट नव्हे.

सर्वांत मोठी फसगत होते ती 'सरासरी पॅकेज' या शब्दात. दहा मुले नोकरीला लागली. नऊ जणांना वर्षाला ३ लाख आणि एकाला ३३ लाख. सरासरी ६ लाख येते. आणि सहा लाख मिळवणारा एकही मुलगा त्या दहांत नाही. राष्ट्रीय क्रमवारीत संस्थेला पगाराचा मध्यक, म्हणजे रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा पगार, कळवावा लागतो. पुस्तिकेत मात्र सरासरी आणि सर्वाधिक हे दोनच आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. शिवाय भाजक कोणता घेतला? प्रवेश घेतलेल्यांचा, उत्तीर्ण झालेल्यांचा, की मुलाखतीस 'पात्र' ठरवलेल्यांचा? दहावी शिकलेला बाप हे विचारू शकतो, फक्त त्याला हे विचारायचे असते असे कोणी सांगितले पाहिजे.

मित्रहो, एका प्रत्यक्ष संस्थेचे उदाहरण घेतल्याशिवाय हे सारे हवेतले वाटेल. सिम्बायोसिसचे घ्या. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये पुण्यात ही संस्था काढली ती परदेशी विद्यार्थ्यांच्या एकाकीपणाची सोय पाहण्यासाठी. म्हणजे विद्यार्थ्याचा अनुभव हेच तिचे मूळ बीज. २००२ मध्ये ती अभिमत विद्यापीठ झाली. तिची कीर्ती जाहिरातीची नाही. विधी आणि व्यवस्थापन या शाखांत ती अनेक वर्षांच्या कामावर उभी आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. नागपुरात वाठोडा येथे तिचे संकुल झाले ते महापालिकेच्या जमिनीवर. जमीन सार्वजनिक म्हणून काही जागा नागपूरच्या रहिवाशांसाठी राखीव आणि त्यांना शुल्कात सवलत, अशी तजवीज झाली. ही तजवीज योग्यच आहे. परंतु तिचा अर्थ जिवतीहून पाहावा. महापालिकेजवळ द्यायला जमीन होती, म्हणून महापालिकेच्या हद्दीतील मुलांना सवलत मिळाली. ज्या जिल्ह्याचा कोळसा आणि चुनखडी सबंध राज्याला वीज आणि सिमेंट देते, त्या जिल्ह्याच्या मुलांसाठी अशी अट घालण्याचे कोणाला सुचले नाही. मागणारेच कोणी नव्हते, हेही खरे.

आता जिवतीची मुलगी अशा संकुलात पोचली असे समजू. घरी ती कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलते, किंवा मराठवाड्याच्या वळणाची मराठी. शाळा मराठीत झाली. महाराष्ट्र-तेलंगणाच्या वादातील चौदा गावांपैकी एखाद्या गावची असेल तर एका आळीत मराठी शाळा आणि दुसरीत तेलुगू, असा तिचा बालपणाचा अनुभव असतो. पहिल्या दिवसापासून वर्ग इंग्रजीत चालतो. वर्ग स्वच्छ असतो, तास वेळेवर होतो, निकाल वेळेवर लागतो. हे तीन गुण थोडे नाहीत. सार्वजनिक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना ते किती दुर्मीळ वाटतात हे सांगायला नको. पण तिला समजले नाही तर विचारायचे कोणाला? शिक्षक कायम आहेत की वर्षाच्या करारावर, यावर याचे उत्तर अवलंबून असते. करारावरचा शिक्षक कष्टाळू असू शकतो; परंतु दुसऱ्या वर्षी तो तेथे असेल याची हमी नसते, आणि मागे पडलेल्या विद्यार्थ्याला वर हात देण्याचे काम एका वर्षात होत नाही. शिवाय खर्चाची एक न छापलेली यादी असते. संगणक, सहली, प्रकल्प, समारंभांचे कपडे, मैत्रिणींबरोबरचा चहा. या यादीत कमी पडणारी मुलगी अभ्यासात कमी पडण्याआधीच एकटी पडते. वर्गात आपल्यासारखे किती जण आहेत, यावर शिक्षणाचा अनुभव फार अवलंबून असतो. संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात नामांकित खासगी संस्थांचे आकडे दिले आहेत. त्यांत अनुसूचित जातींचे विद्यार्थी एक टक्क्याहून कमी आणि अनुसूचित जमातींचे अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहेत. शंभरांच्या वर्गात अर्धे मूल!

तक्रार करायची झाली तर कुठे, हाही प्रश्न आहे. सार्वजनिक विद्यापीठात निदान कागदावर अधिसभा असते, पदवीधर मतदार असतात. २०१६ च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांचीही तरतूद केली होती, ती सरकारांनीच धाब्यावर बसवली ते वेगळे. खासगी विद्यापीठात निवडून आलेला कोणी नसतो. तेथे विद्यार्थी समाधान-पत्रक भरतो.

पैशाचा भाग मात्र कार्यकर्त्याने पाठ करून ठेवला पाहिजे, कारण फसगत येथे तत्काळ होते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने उचलले. 'मुलींना शिक्षण मोफत' अशी त्याची दवंडी पिटली गेली. त्याच निर्णयात कंस आहे: खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळून. दवंडी गावात पोचली, कंस पोचला नाही. आदिवासी विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा न मिळाल्यास २०१६ च्या स्वयम् योजनेने नागपूर-पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. त्यात भाडे, जेवण आणि पुस्तके बसवून दाखवणाऱ्याला अर्थशास्त्राची पदवी द्यावी!

राहिले कर्ज. साडेसात लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत; त्यापुढे मागतात. जिवतीचा शेतकरी तारण ठेवणार काय? तालुक्यातील पुष्कळ जमीन वनखात्याच्या नोंदीत अडकलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून येऊन ज्यांनी हे माळ फोडले त्यांना वनहक्क कायद्याखाली पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा देता येत नाही. ज्या आदिवासींना पट्टा मिळाला, तो वारसाहक्काने जातो पण हस्तांतरित करता येत नाही. आदिवासीची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून हे बंधन आवश्यकच आहे. परंतु तीच जमीन बँकेच्या दारात मुलीच्या उपयोगी पडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत तारण नको, जामीनदार नको. मात्र ती आरंभी सुमारे ८६० निवडक संस्थांपुरती, आणि निवड राष्ट्रीय क्रमवारीवरून. म्हणजे ज्या क्रमवारीविषयी वर शंका घेतली तीच आता पतपुरवठ्याची किल्ली झाली. यादीबाहेरच्या खासगी विद्यापीठात जाणाऱ्या जिवतीच्या मुलाला शिष्यवृत्ती नाही, पुरेसे बिनतारणी कर्ज नाही. उरतो सावकार, नाही तर बैलजोडी.

मग घराजवळच शिकावे, हे उत्तर सोपे वाटते. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी. ते झाले हे चांगलेच झाले. एरवी गुणपत्रिकेतील एका चुकीसाठी भामरागडच्या मुलाला नागपूर गाठावे लागे. गडचांदूर, राजुरा येथील महाविद्यालयांनी दोन पिढ्यांना पदव्या दिल्या. पण राज्यभर मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिकेच्या दराने माणसे आणायची, हा सरकारी रिवाज वनजिल्ह्यांत अधिक जाचतो. तासिकेवरचा शिक्षक चंद्रपूरहून येतो आणि शेवटच्या बसने परत जातो. 'सार्वजनिक शिक्षण वाचवा' ही घोषणा योग्य आहे. परंतु प्रयोगशाळेला कुलूप असलेल्या महाविद्यालयापुढे उभे राहून ती द्यायची असेल तर आवाज जरा खाली येतो. खासगी विद्यापीठांची कीर्ती अर्धी त्यांनी कमावलेली आहे आणि अर्धी सरकारने त्यांना दान केलेली आहे.

काही मित्र मागणी करतात की शासनाने खासगी विद्यापीठांतील मागास विद्यार्थ्यांचेही पूर्ण शुल्क भरावे. मागणीमागील वेदना खरी आहे. तथापि सीमेपलीकडचा अनुभव पाहावा. अखंड आंध्र प्रदेशात २००८ च्या सुमारास शुल्क प्रतिपूर्तीची व्यापक योजना आली. गरीब घरची लक्षावधी मुले महाविद्यालयात गेली, हे तिचे मोठे श्रेय. त्याचबरोबर अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्या सातशेच्या आसपास गेली, कारण प्रवेश दाखवला की सरकारी पैसा ठरलेला. नंतर सरकारांची थकबाकी साचली; २०२५ मध्ये तेलंगणातील खासगी महाविद्यालयांनी त्यासाठी बंद पुकारला. पैसा विद्यार्थ्यामागे जावा हे तत्त्व गैर नाही. किती शुल्क रास्त हे ठरवण्याचा अधिकार हाती न घेता पैसा देणे मात्र गैर आहे.

यास्तव मागणीचा क्रम उलटा असला पाहिजे. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात पाचवे उपकलम घालून विनाअनुदानित खासगी संस्थांत आरक्षणाचा अधिकार ९३ व्या दुरुस्तीने संसदेला व विधिमंडळांना दिला. ही दुरुस्ती जानेवारी २००६ पासून अमलात आली. २००५ च्या इनामदार निकालाला दिलेले ते उत्तर होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते उपकलम वैध ठरवले. महाराष्ट्राने २००६ मध्ये खासगी व्यावसायिक महाविद्यालयांसाठी कायदा केलाही. पण देशातील साऱ्या खासगी उच्च शिक्षणाला लागू होणारा केंद्रीय कायदा नाही. स्थायी समितीने २०२५ मध्ये तो करावा आणि या जागांचा खर्च सरकारने उचलावा अशी शिफारस केली आहे. त्या कायद्यासाठी पक्षाने आग्रह धरावा; त्यात नियामकाने ठरवलेल्या शुल्काइतकाच पैसा, दरवर्षी जाहीर झालेला मध्यक पगार, आणि सार्वजनिक जमीन घेणाऱ्या संस्थेवर शहराबाहेरच्या जिल्ह्यांसाठीही जागांचे बंधन, या तीन अटी असाव्यात. याबरोबरच, याच्याआधी म्हटले तरी चालेल, गोंडवाना विद्यापीठाच्या आणि या दोन जिल्ह्यांतील अनुदानित महाविद्यालयांच्या रिकाम्या जागा भरण्याचे आंदोलन हवे.

हे व्हायला वर्षे लागतील. पुढच्या जूनमध्ये बाप दारात येईलच. त्याला 'पाठवा' किंवा 'नका' असे न सांगता कार्यकर्त्याने त्याच्यासोबत बसून एक कागद लिहावा. संस्था अभिमत की खासगी. अभ्यासक्रमाला संबंधित परिषदेची मान्यता आहे काय. विद्यालक्ष्मीच्या यादीत नाव आहे काय. चार वर्षांचे सर्व मिळून शुल्क लेखी किती. मध्येच सोडले तर किती परत. त्या विभागात तीन वर्षांहून जुने शिक्षक किती. गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या प्रत्येक शंभरांपैकी किती उत्तीर्ण झाले आणि किती नोकरीला लागले. आणि चंद्रपूर जिल्ह्यातून तेथे शिकत असलेल्या एका तरी विद्यार्थ्याचा पत्ता. ज्या संस्थेचे नाव खरे आहे तिला हे सांगायला एक दिवस लागतो. जी पंधरा दिवसांत सांगत नाही तिच्यासाठी बैलजोडी विकू नये. या कागदांच्या प्रती तालुका कार्यालयात जपून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी दुसरा बाप त्याच विद्यापीठाचे नाव घेऊन येईल.